शुद्धीत असतानाच लिहून ठेवा

अतिदक्षता विभागाच्या दारात आम्ही परिचारिकांनी हे अनेकदा पाहिले आहे. आई व्हेंटिलेटरवर. थोरला म्हणतो, सगळे उपचार करा. मुलगी म्हणते, आईला नळ्या नको होत्या. माया दोघांचीही खरी. पण आईच्या इच्छेचा कागद कुणाकडेच नसतो.

आमच्याच पेशातल्या अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपले. त्यांच्याविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, २०११ मध्ये निकाल लागला. पण त्यांची स्वतःची इच्छा विचारण्याची वेळ कधीच निघून गेली होती.

२०१८ मध्ये याच न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. १८ वर्षांवरील कोणीही ते करू शकते. बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, ते स्पष्ट लिहा. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावे द्या. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. मत बदलले, तर इच्छापत्रही बदलता येते. वेळ आली तरी निर्णय घाईने होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळे तपासतात. उपचार थांबले तरी वेदना कमी करणारी औषधे आणि शुश्रूषा थांबत नाही.

मानसिक आजारासाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यानुसार साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन आपला प्रतिनिधी नेमता येतो.

पैशांच्या बाबतीत मात्र अनेकजण फसतात. साधे मुखत्यारपत्र केले की झाले, असे वाटते. पण देणाऱ्याचे मानसिक भानच गेले, तर कायद्याने ते संपते. बँकेतील वारसदाराचे नावही मृत्यूनंतरच कामी येते. मग औषधांसाठी खात्यातले पैसे काढायलाही घरच्यांना कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. म्हणून विश्वासाच्या माणसासोबत, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे संयुक्त खाते आधीच उघडा.

एक विनंती मुलांना. आईवडिलांना वाचता येत नसेल, तर प्रत्येक ओळ वाचून दाखवा, समजावून सांगा. दबावाखाली घेतलेली सही ही त्यांची इच्छा नव्हे.

आणि कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. एक प्रत नेमलेल्या माणसाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. रात्री दोन वाजता तो कागद हाताशी असला, तर दारातले भांडण टळेल.