ज्युरी गेली, पण सगळीच नाही!

इंग्रजी पिक्चर पाहून पाहून आपल्याला वाटतं, कोर्ट म्हटलं की बाजूला ज्युरी बसलेलीच असणार. त्यात 'रुस्तम' पाहिला असेल तर विचारायलाच नको. तो बेतला होता नानावटी खटल्यावर. १९५९ साली मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. या एका खटल्यामुळे ज्युरी बंद झाली असं सर्रास ऐकू येतं. पण ती नको, असं विधी आयोगाने १९५८ सालीच म्हटलं होतं! १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही.

आता दिवाणी बाजू. बोरिवलीतल्या फ्लॅटवरून दोघांचं वाजलं, तर वादी दावा लावतो, प्रतिवादी कैफियत देतो, जज्ज वादाचे मुद्दे काढतात. मग पुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल. फौजदारीसारखं 'संशयापलीकडे' सिद्ध करावं लागत नाही, पारडं जिकडे झुकेल तो जिंकला. हे सगळं एकटे जज्जच पाहतात.

याला मुंबईतच एक अपवाद आहे. हिंदू नवरा-बायकोचं फाटलं तर ते वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जातात. जोगेश्वरीच्या माल्कम बागेतल्या पारशी जोडप्याला मात्र थेट फोर्टात, हायकोर्टात जावं लागतं. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याप्रमाणे तिथे जज्जांबरोबर पाच 'डेलिगेट' बसतात. म्हणजे ज्युरीच की! पूर्वी सात असत, १९८८ पासून पाच.

त्यांची निवड कशी होते? स्थानिक पारशांचं मत घेऊन राज्य सरकार जास्तीत जास्त तीस जणांची यादी राजपत्रात छापतं. सगळे पारशीच, मुदत दहा वर्षं. दाव्याच्या वेळी त्यातून आळीपाळीने पाच जण घेतात. कारण न सांगता काही नावं नाकारायचा हक्क दोन्ही पक्षांना असतो. कायद्याचा प्रश्न जज्ज सोडवतात. पण छळ झाला की नाही, नवरा खरंच सोडून गेला का, हे ठरतं डेलिगेटांच्या बहुमताने. पोटगी आणि मुलांचा ताबा यांत ते नसतात.

खरी गोम पुढे आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी होते ५७,२६४. एवढ्याशा समाजात समोर बसलेला डेलिगेट आपल्या मावशीच्या ओळखीचा निघायला कितीसा वेळ लागणार? त्याच्यासमोर बेडरूममधल्या गोष्टी सांगायच्या! अपील आहे, पण कायद्याची किंवा कार्यपद्धतीची मोठी चूक दाखवता आली तरच. 'पाच जणांना माझं पटलं नाही' एवढं कारण चालत नाही. आपली माणसंच आपल्या घरातलं समजून घेतील, हा यामागचा मूळ विचार वाईट नाही. पण मला विचाराल तर मी अनोळखी जज्जच मागेन. २०१७ साली एका पारशी महिलेने ही पद्धत रद्द करावी म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका केली. बाकीच्यांना मिळतं तसं कुटुंब न्यायालय आम्हालाही द्या, एवढीच तिची मागणी होती.