वॉशिंग मशीनमध्ये पाणी कमी भरतंय? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

मशीन लावलं, थोड्या वेळाने झाकण उघडलं तर पाणी तळाशीच. धुऊन झालेल्या काळ्या टी-शर्टवर पावडरचे पांढरे डाग. मग पहिला विचार येतो, मशीन गेलं! पण बऱ्याचदा मशीन ठणठणीत असतं.

आधी एक गोष्ट बघा. पाणी हळू येतंय, की पाणी नीट येतं पण कमीच भरतं? दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

पाणी हळू येत असेल तर

मशीनचा पाइप काढून नळाखाली बादली लावा. बादलीतही धार बारीक असेल, तर दोष मशीनचा नाही, प्रेशरचा आहे. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार प्रेशर लागतं. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनपेक्षा साधारण १० फूट उंच हवं. म्हणूनच गच्चीच्या लगेच खाली राहणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. यावर उपाय म्हणजे टाकी उंच करणं किंवा प्रेशर पंप.

बादली पटकन भरली, तर पाइप जोडतो तिथली जाळी बघा. बोअरचं पाणी असेल तर तिथे गाळ आणि क्षार साचतात. प्लग काढा, नळ बंद करा, जाळी पकडीने अलगद ओढा, जुन्या टूथब्रशने धुवा आणि परत बसवा.

पाणी येतं, पण कमीच भरतं?

फ्रंट लोड असेल तर घाबरू नका. त्यात पाणी कमीच लागतं. ड्रम कपडे वर नेऊन खाली आपटतो, बुडवत नाही.

ऑटोमॅटिक टॉप लोड आधी कोरडे कपडे फिरवून पाण्याचा अंदाज घेतं. तुम्ही मागाहून दोन जीन्स टाकल्या, तर त्या हिशेबात येत नाहीत. अशा वेळी वॉटर लेव्हलचं बटण दाबून पाणी वाढवा.

सांडपाण्याचा पाइपही बघा. ड्रेन पंप असलेल्या मशीनचा पाइप जमिनीवर पडला असेल, तर भरलेलं पाणी तसंच वाहून जातं. तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर अडकवा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर इनलेट व्हॉल्व्ह किंवा लेव्हल सेन्सर बिघडलेला असू शकतो. तिथे मेकॅनिकच हवा. फक्त फोनवर 'मशीन बिघडलंय' एवढंच सांगू नका, काय काय तपासलं तेही सांगा. नाहीतर नुसती जाळी धुण्याचे पैसे मोजावे लागतील.