रंग पक्का, पण खालची जमीन?

चित्र टिकावं म्हणून चित्रकार रंगांवर सढळ हाताने खर्च करतात. खाली मात्र बाजारात मिळेल तो तयार ताणलेला सुती कॅनव्हास. काही दशकांनी तैलचित्राला तडे जातात, तेव्हा बोल रंगाला लागतो. खोड बहुतेकदा कापडाची असते.

तेल थेट धाग्यात मुरलं तर कापड जीर्ण होतं, म्हणून कॅनव्हासला आधी सरसाचा हात देण्याची जुनी रीत आहे. सरस आणि कापड दोघंही हवेतली ओल पितात, पण वागतात उलटसुलट. हवा कोरडी पडली की सरस आकसतो आणि वरच्या रंगाला ओढतो. दमट हवेत तो ढिला पडतो. आर्द्रता ८०-८५ टक्क्यांपुढे गेली की धागे फुगतात आणि कापड आखडतं. भिजलेल्या दोरीची गाठ आवळते ना, तसं. मॅरियन मेक्लेनबर्ग यांनी १९८२ साली स्मिथसोनियन संस्थेला दिलेल्या अहवालात हे ताण मोजून मांडले. ताजा रंग ही ओढाताण सोसतो, पण तैलरंग वर्षागणिक कडक होत जातो आणि मग तडकतो. मुंबईच्या जुलैत ८५ टक्के आर्द्रता ही काही बातमी नव्हे!

लाकूडही हलतंच. मोनालिसाच्या पॉप्लरच्या फळीला वरच्या कडेपासून उभी चीर गेली आहे. तांबं मात्र पाणी पीत नाही. आडाम एल्सहाइमरने १६०९मध्ये तांब्याच्या पत्र्यावर रात्रीचं आकाश रंगवलं. ते चित्र म्युनिकमध्ये आहे. तांब्याचं मोठं भय म्हणजे पोचा पडला की रंगाचा टवका उडतो.

भिंत तर हलतही नाही, पण गिलाव्याला कीड लागते. अजिंठ्याच्या मातीच्या लेपात तूस आणि गवत होतं, ते किड्यांनी पोखरलं. वेरूळच्या लेपात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले होते आणि तिथे कीड कमी लागली, असं राजदेव सिंग व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६मध्ये मांडलं.

आज सगळ्यात स्थिर आणि परवडणारा पृष्ठभाग दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो एसीपी, म्हणजे दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक. बारीक पॉलिशपेपरने घासा, स्पिरिटने पुसा, मग प्रायमर. दोन-तीन फुटांपर्यंतच्या चित्राला माझं मत यालाच. मोठं काम कॅनव्हासवरच करायचं असेल, तर निदान त्याची पाठ बोर्डाने बंद करा आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर ते टांगू नका.