वांग्यातील परके जनुक

काशीतील बालाजी घाट पेशव्यांच्या आश्रयाने उभा राहिला आणि त्या परिसरातील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. चातुर्मासात वर्ज्य मानलेले वांगे चंपाषष्ठीच्या भरताने पुन्हा ताटात येते, ही महाराष्ट्राची रीत. काशीत भरताला नावाजलेले वांगे म्हणजे गंगेपलीकडील रामनगरचे, तिकडच्या बोलीत ‘भंटा’. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तसे रामनगरच्या या वांग्याला २०२३ साली मिळाले.

रानवांग्याचे फळ लहान, कडवट आणि झाड काटेरी असते. त्यातून हे गरदार फळ घडविले ते अनामिक शेतकऱ्यांनी, शतकानुशतके बियाणे निवडून. तेव्हा ‘निसर्गात हात घालू नये’ एवढ्याच आधारावर जनुकपरिवर्तनाचा निषेध करणाऱ्याला ताटातील भरीतच निरुत्तर करील.

मात्र बीटी वांग्याची गोष्ट निराळी आहे. त्यात मातीतील एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. कितीही निवड केली तरी ते वांग्यात आपसूक आले नसते. या जनुकामुळे झाडात जे प्रथिन तयार होते, ते शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडते आणि अळी मरते. मनुष्याच्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटण्यास तशी जागा नसते.

हे वाण जालन्याच्या महिको कंपनीने सिद्ध केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने त्यास संमती दिली. त्यानंतर सात शहरांत जाहीर सभा झाल्या. त्यांत नागपूरही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लागवडीस स्थगिती दिली. ती अद्याप उठलेली नाही.

ही स्थगिती म्हणजे निव्वळ पुण्य, असे समजण्याचे कारण नाही. अळी राहिली की फवारणीही राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. ती कपाशीही बहुतांशी बीटीच होती, हे विसरता येत नाही. २००२ साली परवानगी मिळालेल्या त्या पिकाला गुलाबी बोंडअळी कालांतराने दाद देईनाशी झाली होती. शिवाय ते बियाणे संकरित असल्याने शेतकऱ्यास दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागे.

याच्या उलट उदाहरण बांगलादेशाचे. २०१३ साली तेथे बीटी वांग्यास परवानगी मिळाली. जनुक तेच, पण वाण सरकारी संशोधन संस्थेचे आणि असंकरित, म्हणून शेतकऱ्यास घरचे बी राखता येते. प्रयोगशाळेतील ज्ञान एकच असूनही एका ठिकाणी ते दरसालचा खर्च ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी घरच्या कणगीत जाऊन बसले. नीतीचा खरा प्रश्न येथे आहे, आणि तो जनुकापेक्षा मालकीचा अधिक आहे.

आणखी एक पेच उरतोच. मधमाश्या बांध ओळखीत नाहीत. रामनगरच्या एखाद्या शेतकऱ्याने नवे वाण नाकारले, तरी शेजारच्या शेतातील पराग त्याच्या जुन्या बियाण्यात शिरू शकतो. लागवडीची अनुमती मागणाऱ्या अर्जावर त्या शेतकऱ्याची सही कोणी घेत नाही.