वडिलांचं राहून गेलेलं मेडल

"आमचे अण्णा एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांना मेडल मिळालंच नाही. आता अण्णाही गेले. काही होईल का हो?"

असे फोन मला अधूनमधून येतात. मी फौजी नाही, सरकारी अंमलदारही नाही. लष्करी पदकांचा नाद आहे, तोही शाळेपासूनचा, आणि नादिष्ट माणसाची वार्ता पंचक्रोशीत आपोआप पसरते. फोन आला की मी आधी विचारतो, "कुठलं मेडल?" हा प्रश्न बऱ्याच जणांना रुचत नाही, कारण त्यांच्या मनात वीरचक्र असतं.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. शौर्यपदक मागून मिळत नाही. त्याची शिफारस पलटणीच्या कमांडरने करायची असते. ती साक्षीदारांच्या जबान्यांसह ब्रिगेड, डिव्हिजन, कमांड अशा पायऱ्या चढत दिल्लीला जाते आणि हे सगळं घटना ताजी असतानाच व्हावं लागतं. ब्रिटिशांनी तर दुसऱ्या महायुद्धानंतर पाच वर्षांची मर्यादाच आखून घेतली. त्यापलीकडे जुन्या पराक्रमाची फाइल उघडायची नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले. तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, हातबॉम्ब टाकला, टॉमी गन चालवली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा त्याच बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना लोळवलं. शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना तिथेच टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो त्याच वर्षी, कारण पाहणारे जिवंत होते आणि लिहिणाऱ्याने लगेच लिहिलं. माणगावात त्यांचा पुतळा आहे. 2023 मध्ये इटलीतल्या मोंटोनमध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारकही उभं राहिलं. पन्नास वर्षांनी मुलाने अर्ज करून वडिलांसाठी असं काही मिळवायचं म्हटलं तर साक्षीदार कुठून आणायचे? त्या वाटेला कुणाला लावून कोर्टाचे उंबरे झिजवायला लावणं मला पटत नाही.

मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांचं तसं नाही. त्यांना शिफारस लागत नाही. माणूस ठरावीक काळात ठरावीक ठिकाणी हजर होता, एवढंच लागतं. 1947-48 मध्ये काश्मीरला गेलेल्यांना 'जनरल सर्व्हिस मेडल 1947' आणि त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी. 1965 साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. 1971 साठी पूर्वेला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार आणि सोबत संग्राम मेडल. 15 ऑगस्ट 1972 ला जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. शिवाय नेफा (आताचा अरुणाचल), हिमालय अशा दुर्गम भागांतल्या सेवेसाठी सैन्य सेवा मेडल आणि नऊ, वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं आहेतच. हे सरकारचं देणं आहे. पगाराची थकबाकी मागताना आपण लाजत नाही, मग वडिलांचं पूर्वी स्टार मागताना आवाज का खाली जावा?

आता ही पदकं राहतात कशी, याची कथा मोठी गमतीची आणि चीड आणणारीही आहे. लढाई संपते, मग पदक 'संस्थापित' होतं, मग टांकसाळीत पडतं, मग नावं कोरायची यादी बनते. दरम्यान माणूस घरी गेलेला असतो. त्या पिढीत कित्येक जण काही वर्षं 'कलर सर्व्हिस' करून पुढची वर्षं 'रिझर्व्ह'मध्ये असत. घरी शेती करायची, बोलावणं आलं की ट्रंक उचलून निघायचं. लढाईपुरते परत आलेले असे लोक पलटणीच्या यादीत कुठेतरी खाली असत आणि यादी फिरेपर्यंत पलटण तिसऱ्याच ठिकाणी हललेली असे. गेल्या काही वर्षांत तर सेवेतल्या जवानांचीच लाखो पदकं थकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि दुकानातून नकली पदक विकत घेऊन गणवेशावर लावणारे जवान मी स्वतः पाहिलेत. छावणीच्या बाहेर त्याची रीतसर दुकानं असतात. रिबन, मिनिएचर, पूर्ण आकाराची पदकं, सगळं काचेखाली मांडलेलं.

त्या दुकानातलं पदक आणि सरकारी पदक यांतला फरक मात्र कडेला असतो. कडेला म्हणजे अक्षरशः पदकाच्या जाडीवर. माझ्या नादाचं मूळ इथेच आहे, त्यामुळे वाचकांनी जरा सोसावं.

गोल पदक चिमटीत आडवं धरायचं, भिंग घ्यायचं आणि हळूहळू फिरवत जायचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. बस्स, इतकंच. पण पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल जुन्या बाजारात हाती लागावं, त्याच्या कडेवर शेवटी 110 आणि मराठा अशी अक्षरं निघावीत, की माझा दिवस साजरा होतो. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली त्या मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराला अडकल्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा. खायला घोडे कापले. शेवटी शरणागती आणि मग वाळवंटातून कैदेची पायपीट. त्यातले किती परतले आणि किती नाहीत हे पदक सांगत नाही. ते फक्त सांगतं की अमुक नंबरचा शिपाई तमुक पलटणीत होता. त्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल सैनिकांना चांदीचं मिळे, म्हणून त्यातली कित्येक सोनाराच्या मुशीत गेली. चांदीचा भाव चढला की कुणाचं तरी नाव वितळतं. मजुरांच्या तुकड्यांना तेच मेडल ब्राँझचं मिळालं, म्हणून ती मेडलं वाचली!

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांच्या कडेवरचा नंबर तर मला नावाहूनही बोलका वाटतो. प्रत्येक रेजिमेंटला नंबरांचा आपला पट्टा दिलेला असे. 26 ने सुरू होणारा सात आकडी नंबर दिसला की ग्रेनेडियर्स, 27 म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, 28 म्हणजे राजपुताना रायफल्स. जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार किंवा त्यावरचा, झाला की नंबर बदलून पुढे 'जेसी' लागतं. म्हणजे एखाद्याच्या दोन पदकांवर दोन वेगळे नंबर असले तर ती दोन माणसं असं समजू नका. तो एकच माणूस आहे, मधल्या काळात जेसीओ झालेला.

आणि नावं! मराठी नावं कारकुनाच्या इंग्रजीतून कडेवर उतरताना काय काय होतात. इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं आडनाव इंग्रजी कागदांत 'जाधाओ' असंही सापडतं आणि 'जादव' असंही. त्यांची ही गत, तर साध्या शिपायाचं काय? घरी रेशनकार्डावर 'पांडुरंग', फौजेत 'पांडू'. आडनाव कधी गावावरून, कधी अजिबात नाही. भरती झालेल्या दिवशी समोरच्या कारकुनाने जे ऐकलं, तेच सरकारदरबारी खरं.

पदकांबद्दल बोलताना सावित्री खानोलकरांचं नाव न घेता पुढे जाणं माझ्याच्यानं होत नाही. 1913 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई झाली. संस्कृत, पुराणं, नृत्य, काय काय शिकली. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी स्वतंत्र भारताच्या शौर्यपदकांच्या रचनेचं काम तिच्यावर सोपवलं. परमवीर चक्रावरची चार वज्रं तिचीच. दधीचीने अस्थी दिल्या आणि त्यांतून इंद्राचं वज्र घडलं, ती कथा तिने ब्राँझच्या गोलात बसवली. आणि पहिलं परमवीर चक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, तेही मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. हे मी आजवर कित्येक जणांना सांगितलं असेल, आणि दर वेळी समोरचा माणूस जरा गप्प होतो.

असो. फोनवर येऊ.

पाटण तालुक्यातल्या एका बाईंचा फोन आला होता. वडील पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटणीत. डिसेंबर 1971 मध्ये ही पलटण जमालपूरच्या लढाईत होती. तिथला पत्रव्यवहार प्रसिद्धच आहे. ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कर्नल सुलतान महमूद यांना शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली आणि उत्तराच्या कागदात गुंडाळून एक गोळी आली. बाईंच्या वडिलांनी ही हकिगत घरी सांगितली होती, पण त्यांच्याकडे पदक एकही नव्हतं. रिझर्व्हवर बोलावलेले, काम संपल्यावर घरी आलेले, पुढे पेन्शनही नाही.

पेन्शन नाही, हेच खरं संकट. पेन्शन नसलेल्यांची सेवेची कागदपत्रं पंचवीस वर्षांनंतर नष्ट करायचा नियम आहे. एका कार्यालयातून बाईंना तसंच छापील उत्तर आलं: कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली आहेत. त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे आमचे आबा फौजेत नव्हतेच का, दादा?"

मी म्हटलं, लाँग रोल मागा. लाँग रोल म्हणजे रेकॉर्ड ऑफिसमधली ती जाडजूड नोंदवही, जिच्यात भरती झालेल्या प्रत्येकाची एक ओळ असते. बाकीचं जळतं, लाँग रोल कायम जपतात. दुसऱ्या अर्जात त्यांनी नंबर ठळक घातला आणि 'लाँग रोलमधली नोंद पाहून कळवावे' असं स्पष्ट लिहिलं. ओळ निघाली. भरतीची तारीख, पलटण, रिझर्व्हवरून परत आल्याची नोंद. नावात एक अक्षर वेगळं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र. बराच काळ काहीच हाललं नाही आणि मग एक दिवस रजिस्टर्ड पोस्टाने खाकी पाकीट आलं. बाईंनी ते मला दाखवायला आणलं. संग्राम मेडल रिबनसकट कागदात गुंडाळलेलं, घडीच्या रेघा रिबनवर उमटलेल्या. मी भिंग काढलं. 27 ने सुरू होणारा नंबर, शिपाई, आणि मग आबांचं नाव, कारकुनाच्याच स्पेलिंगमध्ये. बाईंनी ते भिंगातून स्वतः वाचलं आणि म्हणाल्या, "असंच लिहायचे ते सही करताना."

आता कर्तव्य म्हणून कार्यपद्धती. अर्ज दिल्लीला किंवा मंत्र्यांना करायचा नाही. तो त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड कॅम्प, महार रेजिमेंटसाठी सागर, रणगाडा दलासाठी अहिल्यानगर. आई हयात असेल तर अर्ज तिच्या नावाने करावा, नसेल तर मुलांपैकी एकाने बाकीच्यांच्या संमतीने. सोबत मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद, डिस्चार्ज बुकाच्या किंवा पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, प्रती. डिस्चार्ज बुकात मिळालेली पदकं लिहायची जागा असते. ती आधी वाचा, कारण कधी कधी पदक मिळालेलं असतं आणि घरातच हरवलेलं असतं. तसं असेल तर दुसरी प्रत पैसे भरून मिळते, पण तो अर्ज वेगळा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पुढे पाठवून घेतला तर बरं पडतं. तिथे बसलेले बहुधा स्वतः माजी सैनिक असतात आणि तुमच्या वडिलांची भाषा त्यांना कळते.

कागदच नसतील तर फोटो पाहा. वडिलांचा गणवेशातला, खिशावर रिबनच्या पट्ट्या असलेला एखादा फोटो घरात असतोच. रंगीत असेल तर काम सोपं. आजोबांच्या जुन्या फोटोत लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल दिसला तर इटली स्टार. गडद निळ्यात मधोमध लाल आणि दोन बाजूंना केशरी पट्टी असेल तर बर्मा स्टार. कृष्णधवल फोटोत पट्ट्यांची रुंदी मोजून अंदाज बांधावा लागतो आणि त्यात मला स्वर्गसुख आहे, पण त्यावर पुढच्या अंकात संपादकांनी जागा दिली तर.

मरणोत्तर पदक घालायचं कुणी, हाही प्रश्न येतो. स्मारकावरच्या मानवंदनेला शहिदाच्या जवळच्या नातेवाइकाने त्याची पदकं छातीच्या उजव्या बाजूला लावावीत, अशी मुभा लष्कराने दिली आहे. डावी बाजू ज्याने कमावली त्याची. लग्नसमारंभात मात्र वडिलांचं मेडल कोटाला लावून फिरू नये, हे माझं मत, आणि ते मी बदलणार नाही.

शेवटी एवढंच. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काळी पत्र्याची ट्रंक खाली येईल. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं असेल. भंगारवाल्याला देण्याआधी तो नंबर वहीत उतरवून घ्या, ट्रंकेचा फोटो काढा आणि आई असेल तर तिला विचारा, आबा कुठल्या पलटणीत होते. अर्जाला एवढं पुरतं.