छपराखालचा उन्हाळा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विस्कॉन्सिन डेल्स नावाचे एक छोटे गाव आहे. कायमची वस्ती तीन हजारांच्या आसपास. जानेवारीत तिथे पारा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि रस्त्याच्या कडेला फावड्याने लोटलेल्या बर्फाचे ढीग महिनोन्‌महिने पडून राहतात. नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या हॉटेलांच्या आत पोहण्याचे कपडे घातलेली पोरे रबरी ट्यूब डोक्यावर धरून ओले जिने चढत असतात. आत हवा २९ अंश सेल्सिअसच्या आसपास राखलेली असते. मधोमध लाकडी किल्ल्यासारखे मचाण असते आणि त्याच्या माथ्यावर हजार गॅलनची, म्हणजे जवळपास ३,८०० लिटरची बादली भरत असते. ती कलायला आली की घंटा वाजते, मुले धावत खाली जमतात, आणि सगळे पाणी एकदम त्यांच्या डोक्यावर कोसळते. बादली पुन्हा भरू लागते, तीच मुले पुन्हा वाट बघत उभी राहतात. हे दृश्य इतके लक्ष वेधून घेते, की इनडोअर वॉटरपार्क रिसॉर्ट म्हणजे पाण्याचा धंदा असे कोणालाही वाटावे. माझे म्हणणे असे, की हा मुळात खोल्या भरण्याचा धंदा आहे. मंदीच्या महिन्यांत रिकाम्या पडणाऱ्या खोल्यांचे काय करायचे, या हॉटेलवाल्यांच्या जुन्या दुखण्यावर तो उतारा म्हणून निघाला. कौटुंबिक सुट्टीचे जे नवे रूप त्यातून घडले, ते कळायचे तर घसरगुंड्यांच्या आधी हा हिशेब पाहावा लागतो.

डेल्स हे पर्यटनाचे गाव झाले ते विस्कॉन्सिन नदीने कोरलेल्या वालुकाश्माच्या कड्यांमुळे. एकोणिसाव्या शतकात एच. एच. बेनेट या छायाचित्रकाराने त्या कड्यांची छायाचित्रे काढून विकली. कड्यावरून सुळक्यावर झेपावणारा त्याचा मुलगा हवेत असतानाच टिपलेले १८८६ सालचे छायाचित्र विशेष गाजले. ते पाहून लोक आगगाडीने येऊ लागले, बोटीतून कडे पाहू लागले. १९५२ मध्ये टॉमी बार्टलेटने वॉटर-स्कीच्या कसरतींचा खेळ आणला, १९७९ मध्ये नोआज आर्क हा उघड्यावरचा वॉटरपार्क सुरू झाला. गर्दी वाढत गेली, पण ती सगळी उन्हाळ्याची. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे, या दोन सुट्ट्यांच्या मधले शंभरएक दिवस हाच कमाईचा काळ. त्या शंभर दिवसांची किंमत किती होती हे विस्कॉन्सिनच्या एका कायद्यावरून कळते: सरकारी शाळा एक सप्टेंबरच्या आधी सुरू करायच्या नाहीत. त्यामागे पर्यटन व्यावसायिकांचा मोठा रेटा होता. ऑगस्टअखेरचा एकेक आठवडा वाचवण्यासाठी शाळांचे वेळापत्रक बांधून घ्यावे लागत असेल, तर उरलेल्या नऊ महिन्यांचा घोर केवढा असेल! खोली रिकामी राहिली तरी बँकेचे व्याज थांबत नाही, आणि आज न विकलेली रात्र उद्या विकता येत नाही.

उपाय गावातच सापडला. पॉलिनेशियन नावाच्या हॉटेलने पाण्यातल्या खेळांवर छप्पर घातले आणि हिवाळ्यातही लेकुरवाळी कुटुंबे येतात असे दिसून आले. नोआज आर्क ज्यांनी उभारले, त्या जॅक आणि अँड्र्यू वॉटरमन या बंधूंनी १९९७ मध्ये ब्लॅक वुल्फ लॉज काढले. ते दोनच वर्षांत विकले गेले, त्याचे नाव ग्रेट वुल्फ लॉज झाले, आणि आज त्या नावाची वीसहून अधिक रिसॉर्ट उत्तर अमेरिकेत आहेत. २००० मध्ये डेल्समध्येच कलाहारी हे रिसॉर्ट आले. या मंडळींनी केलेली खरी युक्ती बांधकामात नव्हती, ती दारावर होती. पार्कचे वेगळे तिकीट ठेवायचे नाही. जो खोली घेईल त्यालाच आत सोडायचे. घसरगुंड्यांचा खर्च खोलीच्या भाड्यात मुरवला गेला. पुढे काही ठिकाणी एका दिवसाचे पासही निघाले, पण तेही खोल्यांचा अंदाज घेऊन. गर्दीच्या दिवशी पास महाग होतो किंवा मिळतच नाही. खोलीचे दर मंगळवारी एक आणि शनिवारी दुसरेच असतात, हेही त्याच हिशेबातले.

ग्रेट वुल्फचे दुसरे रिसॉर्ट कुठे निघाले हे पाहिले की मुद्दा आणखी पक्का होतो. ते २००१ मध्ये ओहायोतल्या सँडस्की इथे उघडले. ईरी सरोवराच्या काठच्या या गावात सीडर पॉइंट हा प्रचंड करमणूक पार्क आहे, उन्हाळ्यात तुडुंब आणि हिवाळ्यात बंद. म्हणजे पुन्हा तेच गणित: ओळखीचे नाव, तयार रस्ते, गाडीने काही तासांत येणारी शहरे आणि थंडीत ओस पडणारे गाव. पेनसिल्व्हेनियातले पोकोनो डोंगर आणि कॅनडाच्या बाजूचे नायगरा हेही याच साच्यातले.

उलट उदाहरण जपानने दिले आहे. १९९३ मध्ये मियाझाकी शहराजवळ सीगाया रिसॉर्टमध्ये ओशन डोम उघडला. लांबी ३०० मीटर, रुंदी १०० मीटर, उघडझाप होणारे अवाढव्य छप्पर, कृत्रिम वाळू, यंत्राने उसळणाऱ्या लाटा. खरा प्रशांत महासागर तिथून काही शे मीटरवर होता! थाटामाटात अमेरिकेतले एकही रिसॉर्ट त्याच्या जवळपास येत नव्हते. तरी २००१ मध्ये सीगायाचे दिवाळे निघाले, २००७ मध्ये डोम बंद झाला आणि पुढे तो पाडण्यात आला. जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यानंतरची मंदी याला कारण होतीच, पण तेवढेच नाही. मियाझाकी हा दक्षिणेचा उबदार प्रदेश, टोकियोहून यायचे तर विमानाने. ज्या माणसाला थंडी टाळायची आहे तो तिथून लांब, आणि जो जवळ आहे त्याला समुद्र फुकट.

जर्मनीतल्या ट्रॉपिकल आयलंड्सची कथा याहून बोलकी आहे. बर्लिनच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, एकेकाळी सोव्हिएत लष्कराच्या ताब्यात असलेल्या विमानतळावर, कार्गोलिफ्टर नावाच्या कंपनीने महाकाय मालवाहू हवाई जहाजे बांधण्यासाठी एक हँगर उभारला: ३६० मीटर लांब, २१० मीटर रुंद, १०७ मीटर उंच, आत एकही खांब नाही. जहाज काही बांधून झाले नाही. २००२ मध्ये कंपनी बुडाली, आणि २००४च्या डिसेंबरात एका मलेशियन कंपनीने त्याच हँगरमध्ये खाजण, किनारा आणि वर्षावन थाटले. सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली. लोक सकाळी येत, संध्याकाळी बर्लिनला परतत. मग आत तंबू आले, खोल्या आल्या, आवारात बंगले आले. मुक्काम सुरू झाला आणि गाडी रुळावर आली. छप्पर तेच, पाणीही तेच, मग बदलले काय तर रात्र. नेदरलँड्सच्या सेंटर पार्क्सला ही गोष्ट आधीच कळली होती. पीट डर्कसेन या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याने १९६८ मध्ये रानातल्या बंगल्यांपासून सुरुवात केली, आणि उष्ण कटिबंधाच्या थाटातला बंदिस्त तलाव आला तो १९८० मध्ये, म्हणजे मुक्कामाची सोय आधी आणि पाणी मागाहून. शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशा तुकड्यांत मुक्काम विकायची त्यांची रीत आजही चालू आहे.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहू. खोली भरायची गरज हॉटेलवाल्याची. मग कुटुंबे एवढे पैसे मोजून का येतात? अमेरिकेत पगारी रजा देणे मालकाला केंद्रीय कायद्याने बंधनकारक नाही. ज्यांना रजा मिळते त्यांनाही ती तुटपुंजी असते, आणि आई-बाबा दोघांची रजा एकाच आठवड्यात जुळवणे हे वेगळेच कोडे. मग हाती उरतात दोन रात्री, फार तर तीन. त्यातली एक पावसात गेली, एक मुलांच्या भांडणात गेली, तर सुट्टी संपली. या रिसॉर्टात हवामानाचा अंदाज पाहावा लागत नाही. मनगटावरचा पट्टा हीच खोलीची किल्ली आणि हेच पाकीट. कुठली घसरगुंडी कोणासाठी, हा वादसुद्धा भिंतीवरची ४८ इंचांची खूण मिटवते. संध्याकाळी लहानग्यांना झोपायच्या कपड्यांत लॉबीत बसून गोष्ट ऐकता येते. आई-बापाच्या डोक्यावरचा निर्णयांचा भार उतरवणे हा या जागांचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो कमी लेखू नये. थँक्सगिव्हिंगच्या किंवा नाताळच्या सुट्टीत भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बर्फात कुठे न्यायचे, हा अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांतला प्रश्नही इथे परस्पर सुटतो. आजी काठावर खुर्चीत, नातू पाण्यात, आणि जेवायला कोट चढवून बाहेर पडायला नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की ही सुट्टीच खोटी. माणूस गावाला गेला आणि गाव पाहिलेच नाही. डेल्सला आलेल्या किती कुटुंबांनी ते कडे पाहिले, हा प्रश्न रास्त आहे. पण खरे-खोटे इतके सोपे नाही. ते कडेही १९०९ मध्ये पुऱ्या झालेल्या किलबर्न धरणाने वर चढलेल्या पाण्यातूनच आज दिसतात. नदीकाठचा काही भाग पाण्याखाली गेला. बेनेटचा या धरणाला विरोध होता, ते पुरे व्हायच्या आधीच तो वारला. हा मुलूख मुळात हो-चंक लोकांचा, आणि त्यांचे समारंभसुद्धा तिथे कित्येक दशके तिकीट लावून दाखवले गेले. म्हणजे डेल्समध्ये निसर्गाची मांडामांड छपराच्या कितीतरी आधीपासून चालू होती. शिवाय चार वर्षांच्या मुलाला कड्याचे कौतुक असते, ही मोठ्यांची समजूत. माझी तक्रार वेगळी आहे. सगळी रिसॉर्ट एकमेकांसारखी झाल्याने गावागावांतला फरकच पुसला जातो. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनला ग्रेट वुल्फच्या लॉबीतला लांडगा पाहून आपण कुठल्या राज्यात आहोत हे सांगता यायचे नाही. ही किंमत खरी आहे, मात्र दोन रात्रींची सुट्टी घेऊन आलेल्या कुटुंबाकडून ती वसूल करण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप हवेचा, आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. तरणतलावात शिरल्यावर जो उग्र वास येतो तो स्वच्छतेचा, असे अनेकांना वाटते. तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम, त्वचेवरचे तेल आणि पाण्यातच केलेली लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. त्यांतला ट्रायक्लोरामाइन वायू पाण्यातून सहज हवेत उडतो, डोळे चुरचुरवतो, खोकला आणतो. उघड्या पार्कात वारा तो घेऊन जातो, बंद हॉलमध्ये तो पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतो, म्हणजे नेमका मुलांच्या नाकाच्या उंचीवर. फवारे, धबधबे, कलणाऱ्या बादल्या, म्हणजे ज्या ज्या गोष्टींसाठी लोक येतात, त्या सगळ्या हा वायू हवेत फेकायला मदत करतात. २००७ मध्ये ओहायोतल्या एका हॉटेलच्या इनडोअर वॉटरपार्कमधल्या जीवरक्षकांनी तक्रारी केल्या, तेव्हा केंद्र सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने तपासणी केली. पाण्याजवळ काम करणाऱ्यांना खोकला आणि डोळ्यांची जळजळ इतर कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि हॉटेल भरलेले असेल त्या दिवशी त्रास वाढत होता. या दुसऱ्या निष्कर्षापाशी थांबायला हवे. खोल्या भरणे हेच ज्या धंद्याचे उद्दिष्ट, त्याची हवा खोल्या भरल्या की बिघडते.

यावर तंत्रज्ञांकडे उत्तर आहे. बाहेरची ताजी हवा जास्त घ्यायची, ती काठाच्या पातळीपर्यंत फिरवायची, दूषित हवा पाण्यालगतच ओढून घ्यायची, पाणी अतिनील किरणांखालून न्यायचे. अडचण पैशाची आहे. उणे वीस अंशांची हवा आत घेऊन २९ अंशांपर्यंत तापवायची म्हणजे इंधन जळणारच, आणि आतली ओल काढली नाही तर भिंती-छत कुजणार. बाष्पीभवन आवरण्यासाठी हवा पाण्यापेक्षा अंशभर गरम ठेवतात, तोही त्याच काटकसरीचा भाग. सर्वांत स्वस्त उपाय पाहुण्यांच्या हातात आहे: पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवरखाली उभे राहणे. तो फारसे कोणी पाळत नाही. पालक दोन दिवसांनी घरी जातात. दर दहा सेकंदांत पाण्यावर नजर फिरवणारा आणि वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी असलेला विशीतला जीवरक्षक मात्र रोज तीच हवा घेतो. डेल्समध्ये उन्हाळी कामाला परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात, तात्पुरत्या व्हिसावर. तक्रार करण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका अडलेला कामगार दुसरा नसेल.

महागाईच्या आक्षेपावर फार बोलायला नको. पिझ्झा, लॉकर, जादूच्या कांडीचा खेळ, सगळे वेगळे लागते, आणि पट्टा नुसता टेकवून पैसे जात असल्याने जातात हे कळतही नाही. ‘रिसॉर्ट फी’ नावाचा आकार शेवटच्या पायरीवर दाखवायची सवय तर साऱ्या अमेरिकन हॉटेलांना लागली होती. मे २०२५ पासून पूर्ण रक्कम आधीच दाखवण्याची सक्ती केंद्रीय नियमाने झाली, ते बरेच झाले.

छपराखालच्या वॉटरपार्कचा हा प्रकार आपल्याकडे का रुजला नाही, असे कोणी विचारील. गोराईचे वॉटर किंगडम, लोणावळ्याचे वेट अँड जॉय, खोपोलीचे इमॅजिका ही सगळी मुख्यतः उघड्यावरची ठिकाणे, एप्रिल-मेमध्ये भरणारी. बहुतेक लोक सकाळी येतात, भाड्याने नायलॉनचे कपडे घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. छप्पर घालून झाकायचा आपला मंदीचा काळ कोणता, तर पावसाळा. पण जुलैत लोणावळ्याला खोली मिळवून दाखवा! भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला आलेल्या गर्दीने शनिवारी घाटातली वाहतूक तुंबते, आणि प्रशासनाला जमावबंदीचे आदेश काढावे लागतात. जिथे हॉटेले पावसामुळेच भरतात, तिथे पाऊस बाहेर ठेवणाऱ्या छपरासाठी भांडवल कोण घालील?