स्वस्त आमिषाची पारख

मासे धरण्याच्या छंदाविषयीं या पानांतून लिहावें, हें आमच्या कांहीं वाचकांस, विशेषतः वाचक भगिनींस, प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु ज्या अनुभवानें आम्हांस लेखणी हातीं घ्यावयास लावलें, तो माशाविषयीं कमी आणि माणसाच्या मनाविषयीं अधिक आहे. स्वस्त वस्तू हातीं आली कीं तिची परीक्षा होण्यापूर्वींच आपण तिच्यावर अविश्वासाचा शिक्का मारतों. आणि पुढें तो अविश्वासच तिला निकामी ठरवितो. हें कसें घडतें तें आम्हीं अमेरिकेंत एका तलावाच्या कांठीं प्रत्यक्ष पाहिलें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘बास’ नांवाचा गोड्या पाण्यांतील मासा गळानें धरण्याचा छंद फार मोठा आहे. आपल्या कोंकणांत गरी टाकून बसणारा माणूस गळाला खरें आमिष लावतो. तिकडील छांदिष्ट बहुधा मऊ प्लॅस्टिकचें गांडूळ लावतो. आजच्या या गांडुळाचा उगम १९४९ सालचा. ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं निक क्रीम व त्यांची पत्नी कॉस्मा या दांपत्यानें तें घरच्या घरीं रसायनें तापवून तयार केलें. दोन वर्षांनीं तीं गांडुळें टपालानें, एका डॉलरला पांच या भावानें विकलीं जाऊं लागलीं. पुढें त्यांचा कारखाना टेक्सास संस्थानांतील टायलर या गांवीं गेला. तेथील तलावांत बुडालेलीं झाडें फार. तेव्हां गळाचें टोंक गांडुळाच्या अंगांतच दडवून व पुढें शिशाची टोकदार गोळी ओवून तें झाडाझुडपांतून न अडकतां फिरविण्याची जी रीत रूढ झाली, ती आजहि टेक्सासच्या नांवानें ओळखली जाते.

आज या गांडुळांचे प्रकार अगणित आहेत. नामांकित घराण्याचें दहांचें पाकीट आठ-नऊ डॉलरांस पडतें, तर साधें वीसांचें पाकीट चार-पांच डॉलरांत मिळतें. म्हणजे एका नगास कोठें पंचाऐंशी सेंट, तर कोठें पंचवीस. मूळ द्रव्य मात्र एकच. व्हिनाइलची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारें तेल यांचें दुधाळ मिश्रण सुमारें १७५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावयाचें, साच्यांत ओतावयाचें आणि निवूं द्यावयाचें. महाग मालांत मीठ अधिक असतें, त्यामुळें तो जड होऊन लवकर बुडतो. तो अधिक मऊहि असतो आणि म्हणूनच लवकर फाटतो. बाकीची किंमत वासाची, चकाकीची आणि नांवाची.

माशाला पाकिटावरील नांव वाचतां येत नाहीं. तो डोळ्यांनीं पाहतो, अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या संवेदनशील रेषेनें पाण्याची हालचाल जाणतो, आणि तोंड उघडून पाण्यासकट आमिष आंत ओढतो. रंगांच्या बाबतींत इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं कांहीं वर्षांपूर्वीं या माशांची परीक्षा घेतली. लाल व हिरवा हे रंग त्यांना चांगले ओळखतां आले. परंतु पोपटी पिवळा आणि पांढरा, तसेंच गडद निळा आणि काळा, यांत त्यांचा गोंधळ उडाला. काळें घ्यावें कीं गडद निळें, या विचारांत दुकानांत अर्धा तास घालविणाऱ्या गृहस्थांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आमची हकीकत. आमचे चिरंजीव डॅलस शहरीं असतात. त्यांच्याकडे राहावयास गेलों असतां आमच्या अकरा वर्षांच्या नातवास घेऊन आम्ही शहराच्या पूर्वेकडील लेक फोर्क या विस्तीर्ण तलावावर जाऊं लागलों. मुलगा महाग गांडुळें भराभर फाडून संपवी आणि पुन्हां बापाकडे पैसे मागे. खर्च बेतानें व्हावा म्हणून आम्हीं स्वस्तांतलें एक पाकीट आणलें. त्यानें तें पाहिलें मात्र, आणि म्हणाला, “आजोबा, हीं तुम्हीच लावा. यांना कधीं मासा लागत नाहीं.”

आम्हीं त्याला एकदां लावून पाहावयास सांगितलें आणि स्वस्थपणें बघत बसलों. जें दिसलें तें विचार करण्यासारखें होतें. महाग गांडूळ गळाला असे तेव्हां तो तें तळाशीं जाईपर्यंत मनांत आंकडे मोजी, काठीचें टोंक हळूच उचली, पुन्हां खालीं सोडी, आणि दोरी पाण्यांत शिरते त्या जागेवरून नजर हलूं देत नसे. बास पुष्कळदां आमिष बुडत असतांनाच तें घेतो; हाताला एखादी बारीकशी टिचकी जाणवते, किंवा दोरी नकळत बाजूला सरकते, एवढीच त्याची खूण. स्वस्त गांडूळ लावल्यावर हाच मुलगा दोन-तीन गिरक्यांत दोरी गुंडाळून मोकळा होई व म्हणे, “पाहिलंत ना? नाहींच लागला.” गांडुळाला पाण्यांत राहावयासच मिळालें नव्हतें, मग त्याची परीक्षा कशी व्हावी?

घरीं आम्हीं ही गोष्ट सांगितली तेव्हां मुलाची आजी हंसून म्हणाली, “रेशनच्या तांदळाचा भात बरा होत नाहीं असें ठरवून बसलेली बाई त्यांत पाणीदेखील बेतानें घालीत नाहीं. मग भात बिघडला कीं दोष तांदळाचा!” आणि उपायहि तिनेंच सुचविला. सारख्या लांबीचीं, सारख्या गडद हिरव्या रंगाचीं व जवळजवळ सारख्या आकाराचीं दोन्ही जातींचीं गांडुळें तिनें एका साध्या डब्यांत एकत्र केलीं. स्वस्तांच्या डोक्याशीं तेवढी सुईची एक बारीक खूण केली, आणि ती कोणावर आहे तें नातवास सांगितलें नाहीं.

तीन सकाळीं मिळून मुलानें सात मासे धरले. खुणा पाहिल्या तों चार स्वस्त गांडुळांस लागले होते आणि तीन महागांस. सातांच्या आंकड्यावरून स्वस्त माल श्रेष्ठ ठरत नाहीं, हें आम्हीं त्यास स्पष्ट सांगितलें. परंतु एक गोष्ट निश्चित ठरली: कोणतें गांडूळ आहे हें ठाऊक नसल्यामुळें त्याचा हात दोहोंसाठीं सारखाच धीराचा राहिला. पहिल्या दिवशींचा दोष आमिषाचा नव्हता, उतावळेपणाचा होता. शिवाय महाग गांडुळें एक-दोन माशांत फाटलीं. स्वस्त थोडीं घट्ट असल्यामुळें अधिक टिकलीं.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांस चार गोष्टी सांगतों. एक, जेथें मासे आहेत असें ठाऊक आहे तेथेंच नवें आमिष प्रथम लावावें. ओस पाण्यांत कोणतेंहि आमिष अपयशीच. दुसरें, गळ, दोरी व शिशाचें वजन दोहोंस एकच ठेवावें. तिसरें, एखादे दिवशीं महाग पाकीट घरींच ठेवून जावें. जवळ असलें कीं हात तिकडेच वळतो. चौथें, तुलना समानांचीच करावी. शिसें न लावतां नुसत्या मिठाच्या वजनानें हळूहळू बुडणारें गांडूळ हवें असेल, तर बिनमिठाचें स्वस्त गांडूळ त्याचें काम करणार नाहीं; तेथें चार पैसे अधिक देणेंच शहाणपणाचें.

विकत घेतांना गांडूळ सरळ आहे ना, अंगांत हवेचे बुडबुडे नाहींत ना, तें पाहावें. वांकडें गांडूळ पाण्यांत गरगर फिरतें व दोरीस पीळ घालतें. गरम पाण्यांत क्षणभर बुडवून सरळ ठेविल्यास तें बहुधा सुधारतें. कठीण प्लॅस्टिकच्या आमिषांच्या डब्यांत हीं गांडुळें टाकूं नयेत, कारण त्यांतील तेलानें तीं आमिषें विरघळल्यासारखीं चिकट होतात. आणि काटकसर आमिषांत करावी. गळांत व दोरींत करूं नये.

आमच्या घरीं मासा पानांत येत नाहीं. तेव्हां या खेळांत मुक्या प्राण्यास पीडा होते, हा प्रश्न आमच्याहि मनांत आला, आणि तो टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आम्हीं गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून सपाट केला. मासा ओल्या हातानेंच धरला आणि तत्काळ पाण्यांत सोडला. यानें पीडा नाहींशी होत नाहीं, कमी मात्र होते. फाटलेलीं गांडुळें मात्र एकहि पाण्यांत टाकूं दिलें नाहीं. तीं पाण्यांत फुगतात, आणि माशांनीं गिळल्यास पोटांत राहतात. मेन संस्थानांत तर २०१३ सालीं अशा गांडुळांवर बंदी घालण्याचें विधेयक विधिमंडळापुढें आलें होतें. वस्तू स्वस्त मिळाली म्हणून ती वाटेल तेथें फेंकण्याची मोकळीक मिळत नाहीं, हेंहि मुलांस त्याच वेळीं शिकवावें.

आम्ही परत निघण्याच्या आदल्या दिवशीं नातू आपल्या खाऊच्या पैशांतून खरेदीस गेला. त्यानें स्वस्त गांडुळांचें एक पाकीट घेतलें आणि उरलेल्या पैशांत चांगले गळ घेतले. घरीं येऊन डबा आजीपुढें ठेवीत म्हणाला, “आतां खूण करावी लागणार नाहीं.”